पिक्चरमध्ये न दिसलेल्या चेहऱ्याच्या गावी

इंग्लंडच्या उत्तरेतल्या कंब्रियाला लोक तळी बघायला जातात, डोंगर चढायला जातात. आम्ही एका माणसाचं नाक बघायला गेलो. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सरळ ‘लेक डिस्ट्रिक्ट’ म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसलं की चहा गार होतो. इथे मात्र सगळं सांगणार आहे, रस्त्यांसकट.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरचे पेंटर. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते एका उस्तादांच्या हाताखाली सिनेमाचे कापडी बॅनर रंगवायचे. तेव्हाची पद्धत अशी की पिक्चरच्या रिळांबरोबर फोटोंचा एक संच यायचा. त्यावरून उस्ताद चेहरे काढायचे, हाताखालची पोरं आकाश, घोडे आणि अक्षरं करायची. पिक्चर उतरला की कापडावर पांढरा हात मारून त्यावरच पुढचा पिक्चर.

एकदा हॉलिवूडचा एक वेस्टर्न आला. वैराण माळ, घोडे, बंदुका आणि शेवटी एकटाच निघून जाणारा हिरो. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्हाला तो हिरो आठवेल, आणि ही गोष्ट त्याची नाही. उस्ताद तेव्हा तापाने फणफणले होते, म्हणून चेहरा काढायची पाळी पहिल्यांदाच आप्पांवर आली. त्यांनी संचातला सगळ्यात जिवंत फोटो निवडला: घोड्यावरून कोसळताना मान वळवून मागे बघणारा माणूस. कपडे हिरोचे, टोपी हिरोची. फक्त माणूस हिरो नव्हता. पण तोवर आप्पांनी तो हिरो पाहिलाच कुठे होता?

सकाळी बॅनर चढला आणि दुपारी उतरला. लोक थिएटरच्या दारात उभे राहून हसले. उस्ताद तापातच उठून आले आणि म्हणाले, हा चेहरा कुणाचाच नाही, तुला चेहरा येत नाही, तू अक्षरं काढ. फोटो तोवर पुढच्या गावच्या पेंटरकडे गेले होते, त्यामुळे पुरावाही उरला नाही. आप्पा तो आठवडाभर पुढच्या बाकड्यावर बसून रोज पिक्चर बघत राहिले. घोड्यावरून पडणारा माणूस दिसायचा, पण पाठमोरा. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या, नंबर प्लेटी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस रंगवले. चेहरा एकही नाही.

“चेहरा चुकला नव्हता,” ते अजून म्हणतात. “माणूस चुकला होता.”

यंदा ते आमच्याकडे लंडनला, एजवेअरला आले होते. एका संध्याकाळी त्यांच्यासाठी मी त्या पिक्चरबद्दल इंटरनेटवर शोधत बसले, आणि उत्तरेकडच्या एका छोट्या गावाच्या इतिहासमंडळाचं पान सापडलं. त्यावर शूटिंगच्या वेळचा मोठा ग्रुप फोटो होता. मध्ये खुर्चीत हिरो, बाजूला दिग्दर्शक, मग कॅमेरावाले, शिंपी, मेकअपवाल्या बायका, घोडेवाले. मागच्या रांगेत अगदी कडेला हिरोचेच कपडे घातलेला एक तरुण उभा होता, टोपीच्या सावलीत अर्धा झाकलेला. आप्पांनी स्क्रीनवर बोट टेकवलं आणि म्हणाले, “ह्योच.”

पानावर लिहिलं होतं, हा लेन. हिरोच्या जागी घोड्यावरून पडणारा डुप्लिकेट. कंब्रियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घोडेस्वारीच्या जोरावर स्पेनच्या माळावर शूटिंगला गेलेला. आता म्हातारा, आणि परत आपल्याच गावात. खाली त्याचा आजचा फोटोही होता, आणि तिथेच घोटाळा झाला. बॅनर उतरला त्याच आठवड्यात आप्पांनी आठवणीतून कागदावर जो चेहरा काढून ठेवला होता, त्यात नाक सरळ, धारदार होतं. फोटोतल्या म्हाताऱ्याचं नाक चांगलंच वाकडं होतं, डावीकडे झुकलेलं. म्हणजे माणूस तरी हा नव्हता, किंवा उस्तादांचं तरी खरं होतं. आप्पांनीही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, “मला समोर बसवून काढायचाय त्याला. तू बघ कसं ते.”

मग मी बघितलं. मंडळामार्फत लेनच्या मुलीचा, जोनचा, फोन नंबर मिळाला. ती आधी नाहीच म्हणाली. येणारा प्रत्येक जण हिरो कसा होता एवढंच विचारतो, बाबांना त्याचा उबग आलाय. मी म्हटलं, आम्हाला हिरोबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. तेव्हा ती म्हणाली, ‘गुरुवारी या’. आप्पांचं परतीचं विमान रविवारी होतं.

आता कामाची माहिती. तुम्ही ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्यासाठी सीनियर रेलकार्ड काढा. पाहुण्यांनाही मिळतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. लंडनच्या युस्टन स्टेशनपासून मँचेस्टर दोन तासांहून थोडं जास्त. तिकीट आधी काढलं तर परवडतं, आयत्या वेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. वेम्बलीला ईलिंग रोडवर जाऊन शेंगदाणे आणि लसूण आणले, चटणी कुटली, दशम्या केल्या. रंगांची पूड चित्रकलेच्या दुकानात मिळाली, पण आप्पांना हवं असलेलं जवसाचं तेल शेवटी खेळाच्या दुकानात सापडलं. इथे ते क्रिकेटच्या बॅटींना लावतात. ट्रेनमध्ये आमच्या पिशवीला चटणीचा आणि तेलाचा मिळून असा वास येत होता की समोरचे गृहस्थ वॉटफर्ड यायच्या आतच दुसऱ्या डब्यात गेले.

मँचेस्टरला मुक्काम सुचेताकडे. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, इथे सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या जेवणाच्या टेबलावर आप्पांनी तिला सगळी हकिकत सांगितली. तिने ती ऐकता ऐकता डॉक्टरच्या नजरेने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, “अगं, त्यांचा हात किती शेक होतोय. नाही जमलं तर तू काय करणार आहेस? त्यांना सांभाळून घे, प्लीज.” मी म्हटलं, जमेल. मला स्वतःला तसं वाटत होतं असं नाही, पण आता मागे फिरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेतली. लहानच घ्या, कारण पुढे कळतं. एम सिक्स हायवेवर टीबेपर्यंत आरामात जाता येतं. तिथल्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, गावच्या चीजचं सँडविच खा, महाग आहे पण खा. आप्पांनी त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि आता बरं लागतंय म्हणाले. टीबेपासून कर्कबी स्टीफनकडे वळलं की रस्ता आकसत जातो. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले दगडी बांध. समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जाऊन जागा द्यायची. एकदा मेंढ्यांचा कळप आला, त्याला तर जागा द्यावीच लागते, कळप कुठला मागे जातो. डोंगर बोडके आणि हिरवे, ढग त्यांच्या डोक्याला टेकलेले. आप्पा म्हणाले, एवढं आकाश रंगवायला निळा कमी आणि राखाडीच जास्त लागेल.

कर्कबी स्टीफनमध्ये एका बाईंच्या घरी खोली घेतली होती, न्याहारीसकट. बॅगा खाली ठेवतोय तोच जोनचा फोन आला. बाबांची छाती भरलीय, उद्या नको, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात आप्पा कोल्हापुरात असणार होते. एरवी इंग्लंडमध्ये राहून मला ‘ऑफ कोर्स, नो प्रॉब्लेम’ म्हणायची इतकी सवय लागलीय की तोंड उघडलं की तेच बाहेर येतं. तेव्हा मात्र मी म्हटलं, आम्ही गावातच थांबतो, शुक्रवारी सकाळी फोन करते, शनिवारीही करेन.

गुरुवार तसाच गेला. नदीकाठच्या बाकावर आप्पा वही घेऊन बसले आणि चेहरे काढायला लागले, घरमालकिणीचा, पोस्टमनचा, माझा. एकही जमेना. रेघ थरथरत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ते प्रत्येक कागद फाडत होते. मला रडू येत होतं आणि रागही. आप्पांचा नाही, त्या केव्हाच वारलेल्या उस्तादांचा. शेवटी आप्पांनी आपली चालायची काठी घेतली, टोकाला रुमालाचा बोळा बांधला, ते टोक वहीच्या कडेवर टेकवून काठीवर मनगट ठेवलं. पाट्या रंगवणारे अक्षरांसाठी असंच करतात. हात थोडा स्थिरावला. “अक्षरं काढून काढून एवढं तरी शिकलो,” ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी जोनने या म्हटलं, थोडा वेळच. शेत गावाबाहेर चढावर आहे, लोखंडी फाटक आपणच उघडायचं आणि आपणच लावायचं. लेन स्वयंपाकघरात शेगडीजवळ पांघरूण घेऊन बसला होता. उंच असावा, आता वाकलेला. नाक फोटोत होतं त्याहूनही वाकडं. मी पाल्हाळ न लावता कोल्हापूरची हकिकत सांगितली, आणि आप्पांनी आठवणीतून काढलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. मला वाटलं, आता तो सभ्यपणे हसेल आणि चहा विचारेल, आणि सगळं संपेल.

तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याने मुलीला हाक मारून कागद दाखवला. जोन म्हणाली, हा कोण?

“मी,” लेन म्हणाला. “घोडा वेळेआधी उधळला. मी मागे वळून पाहिलं, हा तेव्हाचा चेहरा आहे. पुढच्या क्षणी नाक मोडलं.”

मग त्याने सावकाश, खोकत खोकत सांगितलं. डुप्लिकेटचा चेहरा दिसला की काम बिघडलं, हा त्यांचा धर्म. त्याने मान वळवली म्हणून तो शॉट वाया गेला. दिग्दर्शकाने नाकात कापूस घालायला सांगितला आणि पुन्हा पडायला लावलं. पिक्चरमध्ये आहे ते दुसऱ्यांदाचं पडणं, पाठमोरं. वाया गेलेल्या शॉटचा फोटो कुणी काढला, कुणी चुकून संचात टाकला, कुणाला ठाऊक. त्याची आई बसने शहरात जाऊन तो पिक्चर दोनदा बघून आली होती आणि म्हणाली होती, पाठ तुझीच होती. जोनचा जन्म नंतरचा. सरळ नाकाचा बाप तिने कधी पाहिलाच नव्हता. तो ग्रुप फोटोही सावलीचा. ती कागद खाली ठेवेना.

मी सगळं मराठीत सांगितलं. आप्पा पुढे वाकून ऐकत होते. मग ते ताठ झाले.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “पाठ न्हवं, तोंड बघितलंय त्याचं. आमच्या अख्ख्या गावानं. अर्धा दिवस हिरो होता तो.”

मी सांगितलं. लेनने विचारलं, केवढा होता चेहरा? आप्पांनी खिडकीतून समोरचा तबेला दाखवला, वळचणीपासून दारापर्यंत. लेन इतका हसला की जोन पाणी घेऊन धावली.

थोडा वेळ म्हणून गेलो होतो, ते संध्याकाळपर्यंत थांबलो. तबेल्यातल्या एका फळीवर आप्पांनी कापड ठोकलं आणि काठीवर मनगट टेकून लेनला रंगवला, आजचा, वाकड्या नाकासकट. जुनं नाक काढू का विचारलं तर तो म्हणाला, ते एकदा काढून झालंय. मी रंग कालवून देत होते. जोनने ‘मीट पाय’, म्हणजे मटण भरून भाजलेली पेस्ट्री, खायला दिली आणि आप्पांनी त्यावरही चटणी घातली. खाली जागा सोडून त्यांनी देवनागरीत नाव लिहिलं, पिवळं, लाल सावली टाकून. जोनने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, फक्त त्यांचं नाव. पिक्चरमध्ये ते कुठेच नव्हतं. निघताना आप्पांनी बजावलं की टांगताना वरची कड पुढे झुकवायची, बॅनर खालून बघणाऱ्यासाठी असतो.

रविवारी आप्पा विमानाने कोल्हापूरला परतले. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर मे-जून बरा, गाडी लहान घ्या, चटणी न्या. आणि समोरच्याने ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं तरी एक दिवस थांबून बघा. जोनने फोटो पाठवला: तबेल्याच्या भिंतीवर चित्र पुढे झुकवून टांगलंय, आणि खाली टोपी काढून लेन उभा आहे, थेट कॅमेऱ्याकडे बघत.

तो फोटो दाखवायला मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तो बघितला, झुकाव बरोबर आहे म्हणाले, आणि फोन घेऊन घराबाहेर गेले. दाराशेजारी त्यांची पाटी आहे, माझ्या जन्माआधीची: ‘येथे सर्व प्रकारची अक्षरे काढून मिळतील.’ ‘अक्षरे’च्या पुढे, ओल्या रंगात, थोड्या थरथरत्या हाताने दोन नवे शब्द बसवले होते: ‘व चेहरे’.