उतरवलेल्या तारा

माझी गिटार कुणीही हातात घेतली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ही उतरलीय." उतरलेली नाही, मी उतरवलेली आहे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. नेहमीच्या सुरांपेक्षा माझ्या सहाही तारा बऱ्याच खाली आहेत. डावा हात न लावता नुसत्या छेडल्या तरी त्यांचा मेळ बसतो, पण त्यासाठी प्रत्येक गाणं नव्याने बसवावं लागतं. आई विचारते, "हिला सर्दी झालीय का?"

हे सगळं बाबांसाठी. बाबा भिवंडीत लूमवर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. शेडच्या दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, कुठला लूम चुकतोय. त्याच खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले. आधी बारीक आवाज गेले, कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग, मग माझी सर्वांत बारीक तार. एकदा वाजवताना ते म्हणाले, "बाय, जरा खालचं वाजव. वरचं काय न्हाय लागत." त्याच संध्याकाळी मी खुंट्या सैल केल्या.

काही महिन्यांनी पुन्हा सैल केल्या. मग ठाण्याहून जाड तारा आणल्या आणि आणखी खाली गेले. आता खुंटी आणखी जराही सैल केली तर तार लोंबते आणि पट्ट्यांवर आपटून खरखरते. खाली जायला जागाच उरली नव्हती, आणि मला भीती वाटायला लागली.

भीती गाण्याची नव्हती. मी भिवंडीजवळ पूर्ण्याच्या गोदामात नोकरीला आहे, तिथे कॉम्प्युटरवर मालाची नोंद करताना मला धोटा दिसायचा. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा, त्याच्या टोकांना लोखंड असतं. कधी तो सुटून शेडमध्ये उडतो. उडायच्या आधी लूमचा आवाज बदलतो आणि जुनी माणसं तो ऐकून बाजूला होतात. ज्याला ऐकू येत नाही, तो तिथेच उभा राहतो. फोन वाजला की शेडचा नंबर तर नाही ना, हे मी आधी बघायचे.

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, लूम बंद होते. मी ड्युटीवरून आले, चहा घेतला आणि गिटार काढली. बाबा पलंगावर, मी समोर स्टुलावर, आई खाली बसून भेंडी चिरत होती. हळदीला आमच्याकडच्या बायका म्हणतात ते एक गाणं मी वाजवत होते. बाबांची मान ठेक्यावर डुलत होती. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच शंका आली, असला माझा मेला स्वभाव. मी डाव्या तळव्याने तारा दाबून धरल्या आणि उजवा हात बोटभर वर, हवेतच चालवत राहिले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाबांची मान डुलतच होती.

शेडमध्ये कुणी आवाजाने बोलत नाही, तिथे एकमेकांचे ओठ आणि हात वाचतात. बाबांचा तर त्यात जन्म गेला. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "बाबा, ऐकू येतंय?"

"येतंय की," बाबा म्हणाले. "गोड हाय."

आईची सुरी थांबली. मला रडू यायच्या आधी राग आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. इतके महिने मी तारा उतरवत बसले आणि हा माणूस माझा हात बघून मान हलवत होता. मी गिटार भिंतीला टेकवली.

"बाबा, मी वाजवतच नव्हते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीपासून." मग घाईने म्हणाले, "शेडमधी कुनाला बोलू नको. लूमला हात लावला का मला समजतं सगलं."

"आणि धोटा उडाला तर? तो काय हात लावून समजणार?"

बाबांनी आईकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"उद्यापासून ड्युटीवर जायचं नाही," मी म्हटलं.

बाबांनी माझ्या ओठांवरून ते नीट वाचलं. मग शांतपणे डोळे मिटून घेतले.

मी बोलतच राहिले. मला भीती वाटते म्हटलं, रोज वाटते म्हटलं, माझ्या पगारात आपलं भागेल म्हटलं. आवाज चढत गेला, शेवटी मी किंचाळतच होते. आई म्हणाली, "हळू बोल, शेजारी ऐकतील." शेजाऱ्यांनी ऐकलंच असेल. बाबांनी डोळे उघडले नाहीत.