दाजींनी आवळलेले सर्व्हो

चहा घ्या आधी, मग सांगतो. खरं तर कंटाळलोय हो मी हे सांगून सांगून! सासरी कुठलंही कार्य असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "दाजी, ते विमानाचं सांगा ना." आपलीच फजिती, आपणच वाढायची, तीही दरवेळी गरम गरम!

नितीन माझा धाकटा मेहुणा, राहतो बदलापूर गावात. पठ्ठ्यानं दोन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या घालवून रिमोटवर उडणारं विमान बनवलं. पेट्रोल इंजिनाचं! दोन वर्षं ना सिनेमा, ना गोवा. त्याची बायको म्हणायची, आता त्या विमानालाच उशी द्या.

आणि मी कोण? अंबरनाथ एमआयडीसीत सव्वीस वर्षं फिटर. स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. म्हटलं, "दे इकडे, सर्व्हो मी बसवतो."

सर्व्हो म्हणजे काड्यापेटीएवढी मोटर. रिमोटवरून इशारा गेला की ती तार ओढते आणि तार शेपटी हलवते. ती बंद पडली की विमान गेलंच समजा.

नितीनच्या तोंडावर 'नको' स्पष्ट दिसत होतं. पण घरच्या जावयाला नाही कसं म्हणणार? "बरं दाजी. फक्त आधी ते रबर घाला, त्यात पितळी नळी, आणि स्क्रू बेतानं आवळा हां."

घातलं रबर. बोट लावून बघतो तर सर्व्हो डुलतोय! माझ्या हातून बसलेली वस्तू डुलते? सव्वीस वर्षांत झालं नाही असं. रबरं काढली, नळ्या काढल्या, स्क्रू थेट लाकडात घातले आणि दातओठ खाऊन आवळले. वर चारी बाजूंनी एपॉक्सी!

"दाजी, रबर घातलं ना?"

"आता तू मला शिकवणार का रे?"

संपला विषय.

रविवारी सकाळी सोनिवलीच्या माळावर गेलो. इंजिन सुरू झालं तशी शेपटी थरथरायला लागली.

"दाजी, हे असं का करतंय?"

"नवीन आहे. वर गेलं की शांत होईल."

आणि माझ्या शब्दाला मान देऊन त्यानं ते उडवलं हो! पहिली फेरी एकदम झकास. दुसऱ्या फेरीत नितीनचा चेहरा पांढरा पडला.

"दाजी, ऐकतच नाहीये!"

"मग जोरात दाब ना!" मी म्हणालो. विमान नाक खाली करून समोरच्या शेतात घुसलं.

तुकडे गोळा केले. पंख एकीकडे, नाक दुसरीकडे. सर्व्हो? सूतभर हलले नव्हते! शेवटी त्यांच्याभोवतीचं लाकूड कापावं लागलं.

मग उल्हासनगरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सर्व्हो उघडला आणि कपाळाला हात लावला. "ये किसने टाइट किया, साईं? रबड नहीं डाला? इंजिन का सारा झटका सीधा अंदर गया, तार का टांका टूट गया."

मी तोंड उघडणार, तोच नितीन म्हणाला, "मैंने ही किया."

काय सांगू, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन वर्षं पाण्यात गेली त्याची, आणि वर माझी लाजही त्यानंच राखली. घरी येईपर्यंत रिक्षात मला त्याच्याकडे बघवेना.

यंदा त्याचं दुसरं विमान तयार झालं. मला आग्रहानं माळावर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, मान तुमचा. तुम्ही फक्त नारळ वाढवा." स्क्रूड्रायव्हर तर नजरेससुद्धा पडला नाही.

बरं, निदान नारळ तरी आपला! बाह्या सावरल्या, नारळ उचलला, दगडावर आपटायला हात वर नेला, तर एक भकल माझ्या हातात आणि एक पायाशी.

नारळ पठ्ठ्यानं घरूनच फोडून आणला होता.