आक्कासकट माप

मापताईंचं खरं शिक्षण शिंप्याच्या दुकानात झालं. सतरा वर्षं कोट-पँटची मापं घेतली, मग भावाच्या नादाने कॉम्प्युटर जुळवायला शिकल्या आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. धंदा बदलला, गळ्यातली टेप मात्र उतरली नाही. कॅबिनेटमध्ये पंखा बसेल का, हे त्या अजून टेप लावूनच बघत. काउंटरवर पाटी होती, ‘आधी माप, मग माल’.

त्यांची एक रीतच होती. गिऱ्हाइकाला दोन मशीनवर त्याचाच गेम खेळायला बसवायचं. आतला माल दिसू नये म्हणून दोन्ही मशीनवर अस्तराचं कापड टाकलेलं. कोणतं बरं वाटलं ते गिऱ्हाइकाने सांगायचं, मगच कापड निघायचं.

एका मंगळवारी ड्रायव्हरकाका आले. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. हातात जावयाची चिठ्ठी.

“ताई, जावई म्हणतो, दोन थ्रेडवालाच प्रोसेसर घ्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त आक्काशी शर्यत लावायचीय.”

आक्का म्हणजे थोरली बहीण, गणिताची निवृत्त शिक्षिका. दूरच्या गावी राहायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खुर्चीला खिळलेली. दर रविवारी चार वाजता दोघं आपापल्या घरून मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत. पण काकांचं जुनं मशीन दर फेरीला अडकायचं. मागच्या रविवारी तीनदा अडकलं, तेव्हा आक्का म्हणाली, “राहू दे रे आता. नुसतं फोनवर बोलत जाऊ.”

“आणि फोनवर आम्ही काय बोलतो?” काका म्हणाले. “जेवलीस का, जेवलो, ठेवते, ठेव. संपलं! हा खेळ बंद झाला तर बहीण गेल्यात जमा.”

मापताईंनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा. प्रोसेसरच्या आत काम करणारे कोअर असतात, एका कोअरला एक शिंपी समजा. दोन थ्रेड म्हणजे त्याच्यासमोर दोन कपडे. एकाचा दोरा संपला, बटण यायचंय, तेवढ्यात तो दुसऱ्याला दोन टाके घालतो. वेळ फुकट जात नाही. पण म्हणून एका शिंप्याचे दोन होत नाहीत.”

“मग आम्हाला किती लागतील?”

“तुमच्या गेमला सहा शिंपी पुष्कळ झाले. बघा खेळून.”

काका दोन्हीकडे खेळले. दोन्ही मशीनमध्ये सहाच कोअर, एकात दोन-दोन थ्रेड, दुसऱ्यात एकेक. काकांना फरक कळेना. आकडे पाहिले तर साध्या प्रोसेसरवर सेकंदाला दोन चित्रं जास्तच उमटत होती. मापताई खुलल्या. “साधाच घ्या. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. जावयांना माझा नमस्कार सांगा.”

शुक्रवारी मशीन घरी गेलं. रविवारी चारला दहा मिनिटं असताना फोन आला.

“ताई, सरावाला बसलोय. गाडी उड्या मारतेय आणि आक्काचा तर पुतळा झालाय!”

“आक्का? ती कुठून आली मशीनमध्ये?”

“व्हिडिओ कॉलवर असते ना ती, खेळताना!”

मापताईंनी दुकानातल्या परीक्षेच्या मशीनमधला दोन थ्रेडवाला प्रोसेसर काढून पिशवीत टाकला आणि दोन गल्ल्या ओलांडून काकांचं घर गाठलं. बघतात तर एका पडद्यावर गेम, दुसऱ्यावर व्हिडिओ कॉलमध्ये आक्का, तोंड अर्धं उघडं ठेवून गोठलेली. शिवाय सगळी शर्यत रेकॉर्ड होत होती.

“रेकॉर्डिंग कशाला?”

“आक्का नंतर पाहून प्रत्येक वळणाला दहापैकी मार्क देते. मास्तरीण ना ती!”

मापताईंनी कपाळावर हात मारला. “काका, दुकानात तुम्ही एकटे खेळलात हो!”

त्यांना शिंपीकामाच्या दिवसांतला एक पोस्टमन आठवला. कोट अंगावर बेतून दिला, पण आत दोन स्वेटर घालतो हे विचारलंच नाही. एक बटण लागेना. शिवणकाम शिकवणारे मास्टर तेव्हा म्हणाले होते, “टेप बरोबर होती, पोरी. तोंड बंद होतं.” तीच चूक इतक्या वर्षांनी पुन्हा.

“चूक माझी. अर्धा तास द्या, बदलून देते. गेमबरोबर कॉल आणि रेकॉर्डिंग असेल, तर दोन थ्रेडचा खरा उपयोग होतो. जावयांचं बरोबर निघालं.”

“हे त्याला सांगू नका,” काका घाईने म्हणाले, “डोक्यावर बसेल.”

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे चार स्क्रू निघाले, त्याखालचा जुना लेप पुसला, नवा प्रोसेसर बसला. तोवर आक्का फोनच्या स्पीकरवरून देखरेख करत होती. “बाळ्या, स्क्रू मोजून ठेव. लहानपणी घड्याळ खोललंस तेव्हा तीन उरले होते!”

“दोन!”

“तीन. एक मी लपवला होता.”

मशीन सुरू झालं. गेम, कॉल, रेकॉर्डिंग, सगळं एकदम लावलं. आक्का हलली, हसली आणि लगेच ओरडली, “चार चाळीस झाले! सुटा!”

गाड्या सुटल्या. एकदाही काही अडकलं नाही. शेवटच्या वळणावर काकांनी बसच्या सवयीने ऐसपैस वळण घेतलं आणि आतून आक्का सुर्रकन निघून गेली.

“हरलास! आता मशीनला नावं ठेवायची सोय नाही हं.”

“पुढच्या रविवारी बघतो तुला,” काका म्हणाले. हरलेल्या माणसाचा चेहरा इतका फुललेला मापताईंनी कधी पाहिला नव्हता.

“पुढच्या रविवारी तर आहेच,” आक्का म्हणाली. “आणि त्या टेपवाल्या बाई उभ्या का? बसा, एक फेरी मारा. बाळ्याला चार मार्क दिलेत, तुम्हाला किती पडतात बघू.”

मापताई नको नको म्हणत बसल्या आणि पहिल्याच वळणाला भिंतीवर आदळल्या. टेप गळ्यातून घसरून कीबोर्डवर पडली. दोघं भावंडं पोट धरून हसत होती.

“दोन,” आक्काने निकाल दिला. “तेही हजेरीचे.”

सोमवारी दुकान उघडल्यावर मापताईंनी आधी मापवहीत गिऱ्हाइकाला विचारायचा एक नवा प्रश्न लिहिला: ‘खेळताना सोबत कोण असतं?’ आणि मग रविवारी चारच्या पुढे कोणाला वेळ द्यायची नाही, अशी खूण करून ठेवली. आक्काने फेरपरीक्षेला बोलावलं होतं.