पर्ल, जावा आणि आबांचा मान

माझा प्रोग्राम पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत होता, त्याचा जावामध्ये, आणि अख्ख्या बारामतीत या दोन्हींशी काही देणंघेणं असलेली माणसं बहुधा आम्ही दोघंच होतो. त्यामुळे आमचं भांडण सोडवायला कुणी मिळत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एसटी स्टँडच्या मागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघंही शिकवायचो. मी सणसरची, रोज एसटीनं यायचे. तो बारामतीतलाच, डॉक्टरांचा मुलगा. शर्ट कडक इस्त्रीचा आणि आवाज कधी चढायचा नाही. मला अशा माणसांचा फार राग येतो. भांडायचंच आहे तर निदान ओरडावं तरी. पण हा हळूच म्हणायचा, "मॅडम, पर्ल चांगलंच आहे, पण आता त्याचे दिवस गेले." दिवस गेले म्हणे! मी ते एकटीनं, पुस्तकाच्या झेरॉक्सवरून शिकले होते.

लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याला स्टोअरमधला माल कॉम्प्युटरवर बघायचा होता. कुठल्याही टेबलावरून पान उघडायचं की नट, बोल्ट, बेअरिंग किती शिल्लक ते दिसलं पाहिजे. क्लासच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, दोघांनाही एकेक नमुना करायला सांगितला. ज्याचा जास्त वेगानं पळेल त्याचा कारखाना घेणार, आणि करणाऱ्याला तिथं कायमची नोकरी देणार. हरणारा इथंच टायपिंगच्या बॅचेस घेत बसणार. त्या बॅचेसमुळे मला झोपेतही ए-एस-डी-एफ ऐकू यायचं. ती नोकरी मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

दोघांतला फरक मी आईला चुलीपाशी बसून समजावला होता. माझा चहावाला प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्यानं स्टोव्ह पेटवतो, चहा देतो आणि स्टोव्ह विझवतो. त्याचा चहावाला एकदाच मोठी शेगडी पेटवतो. ती पेटायला वेळ खाते, पण मग दिवसभर चहा उकळतच असतो.

"मग त्याचंच बरं हाय की," आई म्हणाली. त्यानंतर मी तिला काही समजावलं नाही.

ठरल्या दिवशी कारखान्याची माणसं जीपनं आली. पुढं आबा. ते स्टोअरचे प्रमुख, पांढरी टोपी, वयानं सगळ्यांत मोठे. त्यांच्यामागं तात्या, आणि तात्यांच्या मागं बाकीचे, वयाप्रमाणे. सगळे एकेका मशीनसमोर बसले. सगळ्या मशीनना पानं पुरवणारा सर्व्हर कोपऱ्यात घरघरत होता. सर म्हणाले, "सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबायचं बरं का." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे आबांकडं बघत बसले.

पहिली पाळी जावाची. आबांनी बटण दाबलं. शेगडी अजून पेटायची होती. पडदा पांढराच. आबांनी पडद्याकडं बघितलं, मग छताकडं, मग सरांकडं. "ह्येला माझं काय वावडं हाय का?" त्यांनी विचारलं. अखेर एकदाचं पान आलं. मग तात्यांनी दाबलं, ते लगेच आलं. त्यांच्या मागच्यांचंही लगेच. म्हणजे ताटकळले ते एकटे आबा. खोलीत सगळे गंभीर झाले.

मग माझा. आबांनी दाबलं, पान हजर. तात्यांनी दाबलं, हजर. प्रत्येकजण आधीच्याचं होईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबत होता, त्यामुळे माझा एकेक स्टोव्ह निवांत पेटत होता. "ह्येला माणूस कळतो," तात्या म्हणाले. सरांनी मला विजयी घोषित केलं आणि चहा मागवला.

डॉक्टरांचा मुलगा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "नशीब असतं एकेकाचं, मॅडम. एकाच वेळी कुणी दाबलंच नाही."

शहाण्या बाईनं गप चहा प्यायला असता. मी ओरडले, "नशीब? घ्या परत! आत्ताच्या आत्ता घ्या!"

परत घेतलं. सरांनी एक, दोन, तीन म्हटलं. सगळ्यांचे हात माऊसवर आणि डोळे आबांवर. आबा म्हणाले, "दाबा रं समदी." तात्या म्हणाले, "तुमच्या आदी कसं दाबायचं, आबा? बरं दिसतं का?" मागच्या दोघांत तर थोरला कोण यावरच जुंपली. एक म्हणाला, मी दुष्काळातला. दुसरा म्हणाला, कुठल्या दुष्काळातला ते आदी सांग.

माझं डोकं फिरलं. मी आबांची खुर्ची ओढून सगळ्यांच्या पुढं आणून ठेवली. "आबा, तुमी दाबूच नका. तुमच्या जागी सर बसत्याल. तुमी हितं बसून नुसतं 'हां' म्हणा. बघू आबांच्या शब्दाला कोण मागं ऱ्हातंय!"

आबांना हे पसंत पडलं. ते बसले नाहीत, उभेच राहिले. जत्रेत कुस्ती लावणाऱ्या पंचासारखा त्यांनी हात वर केला आणि खाली आणला. "हां!"

सगळी बटणं एका दणक्यात दाबली गेली. पाळी माझ्या प्रोग्रामची होती. सर्व्हरची हार्ड डिस्क करकरायला लागली. पान कुणाचंच येईना. "आलं न्हाय? दाबा परत," आबा म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "हां! हां! दाबा!" प्रत्येक 'हां'ला नवे स्टोव्ह पेटत होते, पहिले विझायच्या आत. मला सगळं कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं, कारण आबांना तो अधिकार मीच दिला होता. शेवटी सर्व्हर कीबोर्डलाही दाद देईना. सरांनी प्लग ओढला.

सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर डॉक्टरांच्या मुलानं आपलं पान स्वतः एकदा उघडून शेगडी पेटवून ठेवली. मी ते बघितलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. आबा "हां" म्हणाले आणि सगळी पानं झरझर आली.

"शिफ्ट सुटताना आमच्याकडं समदे एकदमच दाबणार," आबा म्हणाले. "प्रोग्राम ह्या पोराचा घ्या."

सर त्याच्याशी हात मिळवायला पुढं झाले, तेवढ्यात आबा म्हणाले, "पर माणूस म्हणून ही पोरगी द्या. ह्या लोकांना एका दमात कामाला लावायचं मला आजवर जमलं न्हाय. पोरीनं चहा निवायच्या आत लावलं."

"अहो, पण प्रोग्राम माझा आहे!" डॉक्टरांचा मुलगा जोरात ओरडला. तेव्हा तो मला पहिल्यांदा आवडला.

"व्हय, तुमचाच हाय की," आबा म्हणाले. "तुमी हितंच ऱ्हावा. बिघडला की फोन करू."

सगळे चहाकडं वळले. मी सर्व्हरपाशी उभी राहून डोळे पुसत होते. आबांनी बघितलं आणि कप हातात घेऊन जवळ आले.

"आता का रडती? नोकरी लागली की."

"माझा पडला, आबा."

"मग परत लिही. तितं तुला टेबल हाय, खुर्ची हाय. बसून लिही निवांत."

तो अख्खा प्रोग्राम मी बॅचेस चालू असतानाच, विद्यार्थ्यांच्या खांद्यावरून वाकून, उभ्यानं लिहिला होता. क्लासमधल्या खुर्च्या फी भरणाऱ्यांच्या असायच्या.