ग्राफ सोमवारी चालू होईल

त्या माणसाला मी तेव्हा साहेब म्हणायचे. आता नुसतं 'तो' म्हणते, आणि तेवढंही पुष्कळ झालं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. बारामतीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या संगणक केंद्रात मी हंगामी ऑपरेटर होते आणि तो केंद्रप्रमुख. संस्थेचं एक कॉलेज इंदापूरला. आमचा सर्व्हर आणि ते कॉलेज यांच्यामध्ये टेलिफोनची भाड्याची लाइन होती. ती जागी आहे की झोपली हे कळावं म्हणून सर्व्हरवर एक फुकटचा प्रोग्राम बसवला होता. दर पाच मिनिटांनी तो राउटरला विचारायचा, बाबा रे, किती आलं, किती गेलं? मिळालेलं उत्तर वेळ घालून आपल्या फाइलीत टिपायचा आणि त्यावरून ग्राफ काढायचा. आलेल्याचा हिरवा डोंगर, गेलेल्याची निळी रेघ.

हा प्रोग्राम मी बसवला होता. पुण्याहून फ्लॉपीवर आणून, तीन रविवार मोडून. संस्थेच्या अहवालात मात्र छापून आलं, 'केंद्रप्रमुखांच्या कल्पनेतून'. मी गिळलं. डिसेंबरात माझं वर्ष भरणार होतं, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे त्याच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मी कऱ्हाटीहून रोज एस्टीनं यायचे. आमच्या घरात खुर्चीवर बसून करायची नोकरी मिळालेली मी पहिली. ती गेली असती तर गावात कुणी हसलं नसतं. 'आपल्याला हे जमायचं न्हाय' एवढंच म्हणाले असते, आणि ते हसण्याहून वाईट.

त्या वर्षी दसरा अकरा ऑक्टोबरला होता. आमच्याकडं दसरा वेगळा. आजोबांनी छप्पनात धम्म घेतला, तेव्हापासून तो आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई पांढरं लुगडं नेसते, विहारात वंदना होते, सगळी आळी एका पंगतीला जेवते. आठ दिवस आधी मी रजेचा अर्ज दिला आणि कारण स्पष्ट लिहिलं. त्यानं लाल पेनानं कारणावर रेघ मारली, खाली लिहिलं, 'कारण सबळ नाही'. वर मला समजावून सांगावं तशा आवाजात म्हणाला, "तुमच्यात पूजा चालत नाही ना? मग इथं थांबून काय करणार? इंदापूरला जाऊन बसा, लाइन बघा."

आता खंडेनवमीला केंद्र बंद करून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहायचं, दसऱ्याला मुहूर्तावर चालू करायची, हा तिथला रिवाज. त्याला माझं काही म्हणणं नव्हतं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस विसावा द्यावा, ट्रॅक्टर असो की सर्व्हर. पण बारामतीचा सर्व्हरच मुहूर्तापर्यंत बंद, तर इंदापुरात बसून मी कसली लाइन बघणार होते, कपाळ? तरी गेले. तिथले हेडक्लार्क, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडायला आले. रजिस्टरात माझी सही घेतली, आल्याची अकरा, गेल्याची साडेपाच. येताना वाटेतल्या जंक्शन गावच्या फाट्यावर गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा पंगत कधीच उठली होती. आईनं ताट झाकून ठेवलं होतं. त्या गार ताटाचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी केंद्रात आले तर ग्राफ मेलेला. डोंगर जिथं तुटला तिथंच तुटलेला, पुढं रेघ नाही की ठिपका नाही. लाइन चालू होती, इंदापूरची ई-मेलची पत्रं येत होती, फक्त ग्राफ हलत नव्हता. मी डिस्क भरली का बघितलं, नव्हती. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी सुरू होतो का, होत होता. फाइलीवर लिहायची परवानगी आहे का, होती. राउटरला हातानं विचारलं, त्यानं मुकाट उत्तर दिलं. सर्व्हर बंद करून चालू केला. काही नाही. चार-पाच दिवस माझं जेवण गोड लागलं नाही.

तेवढ्यात इंदापूरच्या प्राचार्यांनी तक्रार केली की लाइन दुपारची पडते. टेलिफोनवाल्यांना दाखवायला ग्राफ हवा, आणि ग्राफ बंद. तो केबिनमधून बाहेर आला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाला, "कोट्यातून भरती केली की यंत्रांचं असंच होतं."

एकजण की-बोर्ड पुसायला लागला. त्या क्षणी मी ठरवलं की ह्याची जिरवायची. कशी, ते माहीत नव्हतं. पण जिरवायची.

दहाव्या दिवशी सापडलं, आणि सापडलं तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सगळे ग्राफकडं बघत होते, मीही. ग्राफच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते, शेवटचा आकडा कधी टिपला त्याची. ती कुणी वाचत नाही. मी वाचली. सोमवार, दहा नोव्हेंबर, दुपारी दोन चाळीस. आणि आम्ही तर अजून ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर.

मग मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, प्रोग्राम हातानं चालवला. तो लगेच बोलला: फाइलीतली वेळ आत्ताच्या वेळेच्या पुढची आहे, फाइलीला हात लावलेला नाही. दर पाच मिनिटांनी बिचारा हेच सांगत होता. पण सांगत होता सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या टपालात, आणि ते टपाल होतं केंद्रप्रमुखाचं. अडीच-तीन हजार पत्रं पडली होती. एकही उघडलेलं नव्हतं.

मुख्य खात्यावर काय काय टाइप झालं त्याची यादी सर्व्हर ठेवतो. ती काढली. दसऱ्याच्या दिवशी कुणीतरी घड्याळ बदललं होतं. अकरा, दहा, चौदा, वीस. म्हणजे आपल्या हिशोबानं अकरा ऑक्टोबर, दुपारी दोन वीस. पण त्या यंत्राला आधी महिना लागतो, मग दिवस. त्यानं वाचलं अकरावा महिना, दहावी तारीख, आणि सर्व्हर बसल्या जागी नोव्हेंबरात गेला. थोड्या ओळींखाली घड्याळ परत ऑक्टोबरात आणलेलं. मधली वीस मिनिटं प्रोग्रामनं इमानानं नोव्हेंबर म्हणून टिपली होती. आता दहा नोव्हेंबरची ती वेळ उलटून जाईपर्यंत तो काही लिहिणार नव्हता.

घड्याळ कुणी आणि का बदललं हे विचारावंही लागलं नाही, स्टाफमध्ये तो किस्सा झाला होता. पाहुणे उशिरा आले, दोन वीसचा मुहूर्त टळला, तीन वाजले. अध्यक्षांच्या फाइलीत सर्व्हर मुहूर्तावर चालू झाल्याचा, वेळ छापलेला कागद जायला हवा होता, म्हणून साहेबांनी घड्याळच मागं घेतलं. काय डोकं आहे, म्हणून लोक कौतुक करत होते. छापलेल्या कागदावर नोव्हेंबर दिसल्यावर त्यानं गुपचूप दुरुस्ती केली आणि दुसरा कागद छापला, एवढं मात्र किश्शात नव्हतं.

ती फाइल दुरुस्त करायला मला दोन मिनिटं लागली असती. पुढच्या तारखांच्या ओळी काढल्या की झालं. माझा हात की-बोर्डवर होता. मग वाटलं, दुरुस्त केलं तर काय होईल? तो म्हणेल, मी ओरडलो तेव्हा हिनं केलं. मी हात काढून घेतला. यादी छापली, पिशवीत घातली आणि घरी गेले. त्या रात्री जेवण गोड लागलं.

दोन दिवसांत मला नोटीस मिळाली. यंत्रांकडे दुर्लक्ष, निरीक्षणात हयगय, सेवा समाप्त का करू नये याचा खुलासा करावा. चोर तो चोर, वर शिरजोर. मी खुलाशात एवढंच लिहिलं की मला सचिवांसमोर तोंडी बोलायचं आहे, दिवाळीनंतर, सोमवारी दहा नोव्हेंबरला, दुपारी अडीच वाजता, सर्व्हरच्या खोलीत, आणि इंदापूरच्या भाऊसाहेबांना दसऱ्याचं रजिस्टर घेऊन बोलवावं. सचिव म्हणजे वडगाव निंबाळकरचे एक म्हातारे बागायतदार, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. ते सोमवारीच बारामतीला यायचे. त्यांनी हो म्हटलं.

मधले दिवस मी काढले कसे, माझं मला माहीत. त्यानं पुण्याहून एक माणूस बोलावला. आला दिवस, माझा जीव टांगणीला. त्या माणसानं फाइल पुसली तर माझं सगळं मुसळ केरात. पण पुण्याचा माणूस सर्व्हर दोनदा बंद-चालू करून, मिसळ खाऊन, प्रोग्रामच भिकार आहे असं सांगून निघून गेला. इंदापूरची लाइन त्या दिवसांत आणखी दोनदा पडली. पुरावा नाही म्हणून भाऊसाहेबांना टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन बोलणी खावी लागली. त्याचं मला आज वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

सोमवार उजाडला. अडीचला खोलीत आम्ही चौघं, तात्या, तो, भाऊसाहेब आणि मी. तो दहा मिनिटं माझ्याविषयी बोलला. इंग्रजी शब्द पेरत, तात्यांना समजू नयेत असे. तात्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळले. "बोल पोरी."

मी म्हटलं, "तात्या, पावणेतीनला ग्राफ आपला आपण चालू होईल. तवर कुणी की-बोर्डला हात लावायचा न्हाय."

तो हसला. भिंतीवरच्या घड्याळात दोन एक्केचाळीस झाले आणि लाइट गेली. यूपीएस टी-टी करायला लागला. त्याच्या बॅटऱ्या जुन्या झाल्यात हे मलाच माहीत होतं, मीच दोनदा लिहून दिलं होतं. ती चार मिनिटं मी बुद्धाचं नाव घेतलं की त्याला शिव्या घातल्या, आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

पावणेतीन वाजून गेले. मी खुर्ची सोडून उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, तुमीच बसा. ग्राफचं पान परत उघडा." तात्या बघत होते, म्हणून त्याला बसावं लागलं. त्यानं बटण दाबलं. पान हळूहळू उतरलं. वरच्या ओळीत दोन पंचेचाळीस, आणि महिनाभराच्या रिकाम्या जागेच्या टोकाला एक बारीक, हिरवं पातं.

तात्या पुढं वाकले. "आरं, हे तर उगवलं."

मग मी पिशवीतून यादी काढली आणि तात्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, मुहूर्त कसा टळला, घड्याळ कसं फिरवलं, दिवस-महिन्याची उलटापालट कशी झाली. त्याचा चेहरा उतरत गेला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो ताडकन म्हणाला, "हे हिनंच टाइप केलं असेल. पासवर्ड हिलाही माहीत आहे."

याच वाक्याची मी वाट बघत होते. मी भाऊसाहेबांकडं बघितलं. त्यांनी रजिस्टर उघडून तात्यांपुढं धरलं. दसऱ्याच्या पानावर एकच सही होती. अकरा ते साडेपाच, इंदापूर. शेरा: केंद्रप्रमुखांच्या आदेशाने.

तात्या ते पान बराच वेळ वाचत होते. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. मलाच विचारलं, "तुला इतके दिस ठावं व्हतं. मग दुरुस्त का न्हाय केलंस?"

"केलं असतं तर तुमी हितं आला असता का, तात्या?"

तात्या उठले. जाताना कारकुनाला हाक मारून माझी नोटीस परत घ्यायला सांगितली. डिसेंबरात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्याला कुणी काढलं नाही. अशांना काढत नसतात.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी रजेचा अर्ज घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले. कारण गेल्या वेळेपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यानं अर्ज वाचला, लाल पेन उचललं, माझ्याकडं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि निळ्या पेनानं मंजूर लिहून सही केली. खाली तारीख घातली. मी अर्ज उचलला आणि तिथंच, त्याच्या टेबलासमोर उभी राहून, ती तारीख मोठ्यानं वाचली. दिवस, महिना, साल.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हटलं, आणि बाहेर आले.