खंडोबाच्या पायाखालची पट्टी

निमगाव केतकीत आमचं कापडाचं दुकान होतं. लग्नाचं सगळं कापड, मानापानाच्या साड्यांपासून टॉवेल-टोप्यांपर्यंत, एकाच दुकानातून घ्यायचं, त्याला बस्ता म्हणतात. कापडवाल्याचं वर्ष त्या बस्त्यांवरच निघतं. नव्वदनंतर बारामतीत मोठमोठी दुकानं झाली आणि लोक जीप भरभरून तिकडं जायला लागले. आमच्याकडं यायचे ते एखाद्या ब्लाउजपीससाठी, तेही घासाघीस करत.

एका दिवाळीला ह्यांनी कॅलेंडर छापायचं ठरवलं. "वर्षभर भितीवर आपलं नाव ऱ्हाईल. बस्त्याची वेळ आली की आपसूक आठवण व्हईल."

छपाईच्या पैशांसाठी दुकानात माल निम्माच भरला. मी म्हटलं, "अहो, रिकाम्या फळ्या बघून गिऱ्हाईक आत पाय तरी ठेवंल का?"

"ही शेवटची खटपट. न्हाय जमलं तर दुकान बंद."



बारामतीच्या छापखान्यात चित्रांचा अल्बम होता. धबधबे, बर्फाचे डोंगर, गुटगुटीत बाळं. ह्यांनी खंडोबा निवडला. पांढरा घोडा, पुढ्यात म्हाळसा, भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं आभाळ. देवाच्या खाली लाल पट्टीवर दुकानाचं नाव. चित्र खरोखर देखणं होतं, उगाच कशाला नावं ठेवू.

ज्या घरात लग्नाची पोर, त्या घरी हे स्वतः सायकलवरून गेले, पार भवानीनगरपर्यंत. लोकांनी कॅलेंडर कपाळाला लावून घेतलं. हे खूश होऊन घरी आले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

लग्नसराई सुरू झाली. आम्ही रोज गादी झटकून, पांढरी चादर ताणून बसायचो. दारात जीप थांबली की हे ताडकन उभे राहायचे. माणसं उतरायची, शेजारच्या टपरीवर पान खायची आणि बारामतीची वाट धरायची. एकही बस्ता आला नाही. गावात सनई वाजली की मला रडू यायचं. लोकांच्या लग्नाचा असा राग येणं बरं नव्हे, पण यायचा.

त्यातल्याच एका घरी हळदीला गेलो. देवघरात आमचा खंडोबा होता. काचेची फ्रेम, ताजा हार, पुढं समई. खालची लाल पट्टी मात्र नव्हती.

मी नवरीच्या आईला विचारलंच, "खालची पट्टी कुठं गेली ओ?"

"कापली की, वैनी. देवाच्या पायाखाली माणसाचं नाव कसं ठिवायचं? पाप लागंल. आन् तारखांना साखर कारखान्याचं कॅलेंडर हायच." मग ह्यांच्याकडं वळून ती कौतुकानं म्हणाली, "लई जागृत देव दिला बघा, शेट. महिन्यात पोरीचं जमलं. बस्ताबी बारामतीला झ्याक झाला."

तिच्या मनात काही नव्हतं. म्हणून तर मला ओरडताही येईना. हे पुढं झाले, देवाला हात जोडले आणि पानावर जाऊन बसले. दोन घास खाऊन उठले.

नंतर ज्या ज्या घरी गेलो, तिथं तेच. धंदा झाला तो फ्रेमवाल्याचा.

पुढच्या दिवाळीआधी दुकान बंद केलं. सामान आवरताना एक कॅलेंडर सापडलं. ह्यांनी ते गादीवर नीट पसरलं, कापडाची मोठी कात्री घेतली आणि लाल पट्टी सरळ कापून काढली.

"फ्रेमवाल्याकडं जाऊन येतो," म्हणाले. "घरात लावू."