सहावर एक

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. फेब्रुवारी १९८८, बीदर. रेल्वे फाटकापासून साठेक पावलांवर लोखंडी तिपाई उभी आहे आणि कोहिनूर गावचे भीमराज तिच्याखाली खडू घेऊन वाकलेत. जमिनीतून वर आलेल्या सळईवर ते पट्टी लावून तीन खुणा करतात, दर पंधरा सेंटिमीटरला एक. खुणा झाल्या की दोन हात मागे सरतात. कुणी तिपाईखाली असताना घण उचलायचा नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. दोर ओढणारी चार माणसं तोवर हात मागे घेऊन उभी असतात. त्यांत एक इंदिराबाई.

फाटकावरून पूल व्हायचा आहे. त्याच्या खांबांखालची जमीन किती भार सोसेल, ते ही टोळी पाहते. साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून सळईच्या डोक्यावर सोडायचा आणि ठोके मोजायचे. पहिल्या खुणेपर्यंतचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या दोन खुणांचे मिळून लिहायचे. जितके ठोके जास्त, तितकी जमीन घट्ट. बीदरची जमीन माणसाला फसवते. वर जांभा दगड, पन्नास ठोक्यांना दाद देत नाही. सहा मीटरवर त्याच्याखाली पांढरी मऊ माती लागते आणि सळईच्या टोकाची नळी पाच-सात ठोक्यांत आत जाते. वरचा दगड पाहून पाया ठरवला तर खांब खचतो. म्हणून सगळं आकड्यावर असतं, आणि आकडा भीमराजांच्या तोंडी.

भीमराज शेहेचाळीस वर्षांचे. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा चौदाचे होते. आधी विहिरी खणल्या, एकोणसत्तर सालापासून बोअरच्या टोळीत. घणाचा आवाज बदलला की खाली माती बदलली, हे ते वर काढलेली नळी उघडण्याआधी सांगतात. एकच गोष्ट त्यांच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होती. ते सात म्हणत नाहीत.

"चार, पाच, सहा, सहावर एक, आठ." पुढे सोळावर एक, सव्वीसवर एक. त्यांची आई औरादकडची. तिकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, आणि सात टाळतात, कारण तेलुगूत सातला एडु म्हणतात आणि ते रडण्याच्या शब्दासारखं ऐकू येतं. भीमराजांनी तीच रीत उचलली, असं टोळीनं धरलं होतं. सुपरवायझर न विचारता सात लिहीत.

इंदिराबाई दहा वर्षं यावरून त्यांची चेष्टा करत आल्या होत्या.

"अण्णा, दीक्षा घेतली तवा देव सोडले, उपास सोडले. ही आईची खोड तेवढी कामून ठेवलाव?"

"आईची हाय म्हणून."

"अक्का, त्यांच्या घरी आठवडाच सहा दिवसांचा," दोरावरचा गुंडप्पा म्हणायचा.

"म्हणून तर सुट्टी न्हाई आपल्याला," इंदिराबाई म्हणायच्या.

इंदिराबाई टोळीत आल्या त्या नवऱ्याच्या जागेवर. पिराजी हा भीमराजांच्याच गल्लीतला, त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. अठ्ठ्याहत्तर साली हुमनाबादजवळ एका नाल्यावर बोअर चालू असताना घण त्याच्या डोक्यात बसला. ‘दोर सुटला’ असं अहवालात लिहिलं गेलं. दोराचं पुढचं टोक चिटगुप्प्याच्या बसलिंगप्पाच्या हातात होतं. त्याला कामावरून काढलं. काही दिवसांनी तो कोहिनूरला इंदिराबाईंच्या दारात आला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. इंदिराबाईंनी दार लावून घेतलं. चौऱ्याऐंशी साली तो वारला. इंदिराबाईंना दोरावर घ्या, असं कंत्राटदाराला भीमराजांनीच तीनदा जाऊन सांगितलं होतं.

त्या सकाळी इंजिनिअर नवे होते. सिद्धलिंगप्पा, गुलबर्ग्याचे, वय एकोणतीस. साडेसातच्या सुमाराला नळी पांढऱ्या मातीत गेली. ठोके थांबले. सिद्धलिंगप्पांनी वहीवर पेन टेकवलं.

"किती?"

"सहावर एक."

"सहा लिहू की एक? का एकसष्ट?"

दोराकडून हसू आलं. साहेबांनी सहा लिहिलं. भीमराजांनी वहीत डोकावून पाहिलं.

"सहा न्हाई साहेब. सहावर एक."

"म्हणजे सात."

"व्हय."

"मग सात म्हणा की."

भीमराज पट्टी उचलून सळईकडे वळले.

सिद्धलिंगप्पा चिडले नव्हते. त्यांनी नीट समजावलं. हैदराबादेत खांबांवरून धावणाऱ्या हलक्या शहरी रेल्वेचा विचार कागदावर चालला होता. त्या कामाला दोन माणसं एकमेकांचं न बघता ठोके लिहिणार, आणि आकडे जुळले नाहीत तर ते बोअर रद्द. "मी तिथं तुमचं नाव दिलंय, भीमराज. आईची रीत असेल तर घरी पाळा. इथं तुमच्या तोंडून आकडा ऐकून कुणीतरी खांब उभा करणार आहे."

"मला न्हाई म्हणता येत, साहेब."

"ठीक. पुढच्या खोलीला गुंडप्पा मोजेल. तुम्ही दोर धरा. इंदिराबाई, तुम्ही खूण बघा."

नळी वर काढली, भोक साफ केलं, साडेसात मीटरवर पुन्हा सोडली. गुंडप्पानं खुणा करून खडू इंदिराबाईंकडे दिला. खूण नीट दिसावी म्हणून इंदिराबाई भोकात बसवलेल्या पाइपाच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या. बसू नये, हा भीमराजांचा नियम. पण साहेबांनी बघा म्हटलं होतं, आणि भीमराज आता दोरावर होते. घण त्यांच्या डोक्याच्या थोडा वरच वरखाली होऊ लागला. पहिली खूण गेली. गुंडप्पानं मोजायला सुरुवात केली, आपल्या घरच्या भाषेत.

"ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु. आरु."

भीमराजांनी दोर मनगटाला गुंडाळून घेतला आणि मागं बसले. घण अधांतरी थांबला. त्यांच्या मनगटाची साल निघाली.

"अक्काला आधी बाजूला घ्या," ते म्हणाले. "आणि कानडीत मोजू नका."

इंदिराबाई बाजूला झाल्या, घण खाली टेकवला. "काय झालं?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

भीमराज साहेबांकडे बघून बोलले. अठ्ठ्याहत्तर साली मुकादम कानडी होता. खूण पाइपाला टेकली, घण खाली ठेवला, की मोजणारानं खाली बसलेल्याला ‘एळु’ म्हणायचं. एळु म्हणजे ऊठ. टोळी मराठी असो की कानडी, शब्द तोच. मोजणी मात्र मराठीत व्हायची. त्या दिवशी दोरावर चौघंही कानडी होते, त्यांना ताल धरता यावा म्हणून भीमराजांनी कानडीत मोजलं. कानडीत सातलाही एळुच म्हणतात.

"मी सात म्हणलो. पिराजी उठला."

गुंडप्पानं मान खाली घातली. त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती.

"दोर?" इंदिराबाईंनी विचारलं.

"दोर न्हाई सुटला. बसलिंगप्पानं शेवटपर्यंत धरून ठेवायचं बघितलं. मुकादमानं लिवलं, मी सही केली."

इंदिराबाईंनी हातातला खडू तिपाईच्या पायाशी ठेवला.

"दहा वर्षं मी तुमच्या सहावर एकला हसायले," त्या म्हणाल्या. "तुमी हसू दिलाव."

"व्हय."

"बसलिंगप्पा दारात आला व्हता. मी पाणीबी इचारलं न्हाई त्याला."

"ठाव हाय."

"ठाव हाय म्हणता." आवाज चढला नाही. "त्याची बाई?"

"नागव्वा. चिटगुप्प्यातच ऱ्हाती. शाळंच्या मागं."

त्यानंतर त्या दिवसभर भीमराजांशी बोलल्या नाहीत. कामही सोडलं नाही. दोरावरच्या आपल्या जागेवर गेल्या आणि संध्याकाळी पाचपर्यंत ओढत राहिल्या. भीमराजांनी मनगटाला फडकं बांधलं आणि दोन हात मागे उभं राहून मराठीत मोजलं. साडेसात मीटरचा आकडा नऊ आला. वाटेत सात लागला तेव्हा त्यांनी ‘सहावर एक’ म्हटलं. या वेळी दोराकडून हसू आलं नाही.

सिद्धलिंगप्पांनी सहा मीटरच्या ओळीतला सहा खोडून सात केला, खाडाखोडीवर सही केली आणि पानाच्या तळाशी लिहिलं: मोजणारा ‘सहावर एक’ म्हणेल तिथे सात समजावे. हैदराबादच्या यादीतून नाव काढा, असं भीमराजांनी सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं नाही.

पाच वाजता दोर गुंडाळताना इंदिराबाईंनी एका दिवसाची रजा मागितली. कशासाठी, ते सांगितलं नाही. साहेबांनी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुली मारली.

उद्याचं बोअर क्रमांक पाच, फाटकाच्या पूर्वेला. मोजणी भीमराज, दोरावर तिघंच. काम सकाळी सातला सुरू होईल. चिटगुप्प्यावरून हुमनाबादला जाणारी पहिली गाडीही बीदर स्टँडवरून सातलाच सुटते.